जेंबेवरची हळद

आयर्लंडहून परत आले, तेव्हा आमच्या कॉलनीतल्या बायका राजवाडे आणि मॉल यांच्या गोष्टी ऐकायला जमल्या. मी त्यांना एका कपाटाबद्दल सांगत बसले. त्यातल्या दोघींना वाटलं, हिचा विमानाचा शीण अजून उतरलेला नाही. पण खरं सांगायचं तर बारा दिवसांत मी एकही राजवाडा पाहिला नाही. धुकं पाहिलं, नदी पाहिली, दगडी कुंपणं पाहिली आणि नाचणाऱ्या माणसांच्या एका व्हॅनमधून त्या देशाच्या पार पश्चिम टोकाला जाऊन आले. आता आठवायला बसलं की त्यातलं बरंचसं दुपारच्या झोपेत पाहिल्यासारखं वाटतं. तो ढोल तेवढा लख्ख आठवतो.

मी कोण, ते आधी सांगते. कराडच्या मुलींच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं पी.टी. शिकवलं, म्हणजे मुख्यतः लेझीम. माझे गुडघे माझ्या दोन वर्षं आधीच निवृत्त झाले. गौरी ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ॲथलोन नावाच्या गावात ती मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि शनिवार-रविवार आफ्रिकी नाच करणाऱ्या एका ग्रुपमध्ये नाचते. बहिणीला हे प्रकरण काही झेपेना. शेवटी गौरीने मलाच बोलावलं. "मावशी, आईला नाही कळणार. तुला कळेल. तू ये आणि बघ." आमच्या ह्यांनी फक्त लोणच्याची बरणी कुठे आहे तेवढं विचारून घेतलं आणि मला निरोप दिला.

सँट्री

पहिली रात्र विमानतळाजवळच्या सँट्रीत, गौरीच्या मैत्रिणीकडे काढली. सकाळी उठून खिडकीशी गेले तर बाहेर काहीच नव्हतं. समोरची इमारत नाही, रस्ता नाही, नुसता पांढरा ओलावा. त्यातून विमानांचे आवाज येत होते, विमान मात्र दिसत नव्हतं. मैत्रिणीची चार वर्षांची पोर माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी मराठीत विचारलं, "काय दिसतंय गं?" तिने इंग्रजीत उत्तर दिलं, "नथिंग. इट्स ग्रँड." इतक्या समाधानाने काही न दिसणं मी आजवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे धुकं पडलं की माणसं पिकाची काळजी करायला लागतात.

ॲथलोन

ॲथलोनच्या मधोमध शॅनन नदी वाहते. वाहते म्हणायचं इतकंच. मला ती दोन दिवस एकाच जागी उभी असलेली दिसली, वर हंस ठेवलेले. नदीकाठच्या एका जुन्या हॉलमध्ये गौरीच्या ग्रुपची तालीम होती.

ग्रुप आयसातूचा. ती पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाची. चाळिशीची, उंच बाई, बोलते हळू आणि चालतानासुद्धा अंगात ताल ठेवून चालते. सुगीचे, लग्नाचे, बारशाचे नाच ती आईकडून शिकली, पुढे युरोपात येऊन आधुनिक नाच शिकली आणि आता दोन्हीची वेणी घालते. मला म्हणाली, "पाय गावातले, पाठ शहरातली." मला वाटलं, बोलायला बरं आहे. मग नाच सुरू झाला.

आधी ढोल नव्हताच. नऊ जण जमिनीवर पालथे पडलेले, नुसता श्वासाचा आवाज. एकेकाची पाठ पाण्यातून वर यावी तशी वर येई आणि परत खाली जाई. गौरी त्यात कुठे आहे ते मला ओळखता येईना, आणि लहानपणापासून माझ्या मांडीवर वाढलेली ही मुलगी ओळखू येत नाही याची मला गंमत वाटली. किती वेळ गेला कोण जाणे. मग ढोलाचे मोजके ठोके पडले आणि सगळ्यांचे पाय एकदम जागे झाले. गुडघ्यात वाकून, टाच आपटून, जमिनीशी भांडल्यासारखे. माझे दोन्ही गुडघे खुर्चीत बसल्या जागी कळवळले.

त्या ठोक्यांनीच मला जिंकलं. लेझमीत पवित्रा बदलायचा की मी शिट्टी वाजवत असे. इथे शिट्टीचं काम ढोल करतो. तो मध्येच एक ठरावीक वाक्य बोलतो, ते ऐकलं की सगळे चाल बदलतात. नाच संपला की नाचणारे ढोलवाल्यांसमोर येतात, वाकून जमिनीला हात लावतात आणि तोच हात छातीला लावतात. आपण कपाळाला लावतो, एवढाच फरक.

मला राहवेना. मी आयसातूला म्हटलं, "डावीकडची रांग अर्धी मात्रा मागे आहे."

गौरीने डोळे मिटून घेतले. "मावशी, प्लीज."

आयसातू मात्र रांगेकडे बघून म्हणाली, "आहे खरी. गेला महिनाभर मी हेच सांगतेय." त्या दिवसापासून ग्रुपमधले सगळे मला 'माऊशी' म्हणायला लागले.

ढोल वाजवणारा सेकू. तोही गिनीचा, पन्नाशीचा, इथल्या एका नर्सिंग होमच्या लाँड्रीत कामाला. त्याच्या ढोलाला जेंबे म्हणतात. एकाच ओंडक्यातून कोरलेला, वर बकऱ्याचं कातडं, भोवती दोराची जाळी. तालमीनंतर आयसातूने एका मोठ्या परातीत भात आणि शेंगदाण्याचा दाट रस्सा आणला आणि आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो. पहिला घास घेतला आणि मी थांबले. थोडी मिरची वेगळी, बाकी आमची उपासाची दाण्याची आमटी. मी हे सेकूला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तुझा उपास आणि माझी मेजवानी एकच."

जेवताना त्याने जेंबेबद्दल सांगितलं. तो त्याच्या वडिलांनी कोरलेला. वरचं कातडंही त्यांनीच ताणून बसवलेलं, सेकू देश सोडून निघाला त्या आठवड्यात. वडील गेल्या महिन्यात वारले. सेकूचे इथले कागद अजून व्हायचेत. बाहेर गेला तर परत येता येणार नाही. त्यामुळे तो मातीला जाऊ शकला नाही. येत्या शनिवारी चाळिसावा दिवस. त्याच दिवशी पश्चिमेकडच्या एका गावात ग्रुपचा कार्यक्रम होता.

"चाळिसाव्याला आमच्याकडे कुराण वाचतात, गावाला जेवण देतात," तो म्हणाला. "ढोल नसतो. पण माझा बाप ढोलवाला होता. कुराण भाऊ वाचेल. मी इथे हा वाजवीन." मग परातीतला भात त्याने माझ्या बाजूला सारला. "आई रोज फोनवर विचारते, चाळिसाव्याला तुझ्याकडे कोण येणार? माणसं यावी लागतात ना. तिला काय सांगू? लाँड्रीतल्या चादरी येतील म्हणून?"

तो हसला म्हणून आम्हीही हसलो. मला आमच्याकडचे तेरावे आठवले. न बोलावता जायचं, कोपऱ्यात बसायचं, जेवून यायचं. एवढ्याशा गोष्टीची किंमत मला त्या परातीशी बसून कळली.

पश्चिमेकडे

शुक्रवारी सकाळी व्हॅन निघाली. आधी काळीभोर दलदल लागली, तिच्यातून कापून काढलेल्या मातीच्या विटा वाळत घातलेल्या. ही माती तिकडे चुलीत जाळतात. मग दगड सुरू झाले. शेत एवढंसं आणि त्याच्याभोवती दगडांचं कुंपण कमरेएवढं. कुठल्याच कुंपणात चुना नाही, माती नाही, दगडावर दगड नुसता ठेवलेला. त्यांच्या फटींतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. पाऊस यायचा, जायचा, ऊन पडायचं, आणि हे सगळं एका डोंगराच्या अंगावर एकाच वेळी चाललेलं. व्हॅनमध्ये सेकू जेंबे दोन्ही गुडघ्यांत धरून बसला होता आणि त्याची बोटं कातड्यावर न वाजता चालत होती.

मुक्काम समुद्राकाठी, ब्रीडा नावाच्या बाईच्या घरी. सत्तरीची असेल. खोल्या भाड्याने देते, नाश्ता करून घालते. घराच्या वाटेला दोन्ही बाजूंनी लाल लोंबत्या फुलांची झुडपं होती, आणि दारात कुंडीत चक्क झेंडू. दिवस खंडेनवमीचा. परक्या मुलखात त्या दिवशी झेंडू दिसला, मग मी काय शहाणपणा करणार होते?

वाचकांत कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, ज्याचं पोट ज्याच्यावर ते. आमच्या शाळेत लेझमी, डंबेल्स आणि माझी शिट्टी सतरंजीवर मांडत. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून मगच उचलायचं. मी गौरीसाठी लेझीम नेली होती, पर्समध्ये हळदकुंकू होतंच.

संध्याकाळी सगळे कार्यक्रमाचा हॉल बघायला गेले. सेकूने जेंबे पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवला होता. मी ब्रीडाला विचारून फुलं घेतली, नुकत्याच पडलेल्या पावसाने निथळत होती. कोरडी हळद कातड्यावर राहीना, म्हणून पाण्यात कालवली आणि पाच बोटं ओढली. मधोमध कुंकू. वर फुलांची रास, शेजारी लेझीम. मनात म्हटलं, बाबा रे, सेकूच्या बापा, तुला मी कधी पाहिलेलं नाही, पण तुझं हत्यार मी पुजलं. सेकू सकाळी बघेल तेव्हा त्याला बरं वाटेल. सगळे परत आले ते सरळ वरच्या खोल्यांत गेले. कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी एकदम दाखवायचं होतं.

शनिवार

सकाळी खाली आले तेव्हा सेकू खिडकीपाशी उभा होता. ब्रीडा रात्री खिडकी किलकिली ठेवते, समुद्राचा सगळा दमटपणा खोलीत भरलेला. त्याने फुलं एकेक करून उचलून बाजूला ठेवली होती. मग हाताने कातड्यावर एक थाप दिली.

ठप्प. भिजलेल्या खोक्यावर मारावं तसं.

तो दार उघडून बाहेर गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. ते हसू मला त्या क्षणी आलं असतं तर बरं झालं असतं.

गौरी जिन्यावरून सगळं बघत होती. "मावशी, अगं तू ॲटलीस्ट विचारायचं ना. तो मुस्लिम आहे, त्याच्या बाबांचं ते लास्ट कातडं आहे, आज चाळिसावा आहे. चारला शो आहे." बोलता बोलता तिचा आवाज रडवेला झाला. तिच्या प्रत्येक वाक्यात ती बरोबर होती, त्यामुळे मला रागही येईना.

सेकू कुंपणापाशी समुद्राकडे तोंड करून उभा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माफी मागायला माझं इंग्रजी पुरत होतं.

तो म्हणाला, "माझ्या बापाच्या वस्तूला न विचारता हात लावलास."

"लावला. चुकले."

मग त्याने विचारलं, "पण केलंस काय? ते पिवळं कशाचं?"

मी सांगितलं. करवत, मशीन, शिट्टी. वर्षातून एक दिवस हत्याराला नमस्कार करायचा आणि त्याला काम सांगायचं नाही.

"म्हणजे सुट्टी?"

"सुट्टी."

तो समुद्राकडेच बघत म्हणाला, "माझ्या बापाने याला कधी सुट्टी दिली नाही. स्वतःलाही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कातडं दुसरं मिळेल, माऊशी. हे त्याने ओढून बसवलंय. फाटलं तर त्याचा हात गेला."

मी म्हटलं, आमच्याकडे हलगी उतरली की जाळावर शेकतात. ब्रीडाच्या खोलीत मातीच्या विटांची शेगडी पेटलेलीच होती. त्याने मान हलवली. कातडं जुनं, जाळाने तडकेल. त्याला कोमट, कोरडी ऊब पाहिजे होती आणि बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता.

ब्रीडा आमच्यामागे येऊन उभी होती. "ओह, हॉट प्रेसमध्ये ठेवा की त्याला," ती म्हणाली. "माझी पावाची कणीक तिथेच फुगते."

तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. जिन्याच्या वळणावर होतं. ब्रीडाने त्यातले टॉवेल आणि चादरी भराभर उपसून माझ्या हातात दिल्या. सेकूने कातडं कोरड्या फडक्याने टिपलं आणि जेंबे आत ठेवला, बाळाला निजवावं तसा. मग आम्ही दोघं जिन्यावर बसलो.

त्या दिवसाचे पुढचे तास मला नीट लावता येत नाहीत. कपाटाच्या फटीतून धुतलेल्या कापडाचा ऊबदार वास येत होता. पावसाचा आवाज कधी येई, कधी थांबे. खालून ब्रीडाचा पाव भाजल्याचा वास यायचा. अधूनमधून सेकू दार उघडायचा, एक थाप द्यायचा, ऐकायचा, दार लावायचा. ठप्प. मग थोडं कमी ठप्प. मध्ये मला डुलकी लागली आणि कराडच्या शाळेच्या मैदानावर नऊ हंस लेझीम खेळताना दिसले, डावीकडची रांग अर्धी मात्रा मागे. जागी झाले तर सेकू हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होता. प्रार्थना असावी. मी पदर सावरून गप्प बसले.

दुपारी त्याने जेंबे बाहेर काढला. आता दोर ओढून ताणायचा होता. त्याने पाय लावून ओढ घेतली आणि सुटलेलं टोक माझ्यापुढे केलं. "धर. सोडू नकोस."

मी एकोणतीस वर्षं रस्सीखेच घेतली आहे. गुडघे गेले, मनगटं शाबूत आहेत. एकेक पीळ तो घट्ट करत गेला आणि मी धरून राहिले. गाठ बसल्यावर त्याने थाप मारली. आवाज आला, गोल, जिन्यातून खालपर्यंत गेला. स्वयंपाकघरातून ब्रीडा म्हणाली, "नाऊ." झालं एकदाचं, एवढ्याच अर्थाने.

कातड्यावर हळदीची पाच बोटं तशीच होती. मी पदराने पुसायला गेले. त्याने माझा हात धरला. "घासू नकोस. पातळ झालंय ते."

चारला गावचा हॉल भरला होता. कोटांना पावसाचा वास, पुढे लहान मुलं जमिनीवर. पाठी वर आल्या, खाली गेल्या. मग जेंबे बोलला आणि सगळे पाय जागे झाले. मधल्या रिंगणात गौरीला त्याने ठोक्यांनी बोलावलं. ती आली. माझ्या ओळखीची मुलगी होती आणि नव्हतीही. सेकू जे वाजवत होता त्याच्याशी ती पायांनी बोलत होती. तो हसत नव्हता, रडत नव्हता, घामाने भिजला होता आणि वाजवत होता. मी मात्र रडले. बहिणीला सांगायला आता माझ्याकडे काहीतरी होतं. डावीकडची रांगही बरोबर होती, तेही नोंदवून ठेवते.

शेवटी सगळे पुढे आले, जमिनीला हात लावले, छातीला लावले. मी खुर्चीचा हात धरून उठले, वाकले आणि जेमतेम जमीन गाठली. माझा हात सवयीने कपाळाला गेला.

नंतर हॉलच्या मागच्या खोलीत आयसातूने परात मांडली. सेकूचा फोन वाजला. गिनीहून व्हिडिओ कॉल. एक अंगण, खूप माणसं आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांतली एक म्हातारी. त्याने तिला जेंबे दाखवला. तिने स्क्रीनजवळ डोळे आणून काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं आणि फोन एकदम माझ्याकडे वळवला. मी गडबडून हात जोडले. म्हातारीने तळहात छातीवर ठेवला.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"तिने विचारलं, तुझ्याकडे कोण आलं होतं? मी म्हटलं, घरातली एक थोरली बाई आली होती. लांबून. सकाळपासून माझ्याजवळ बसली होती."

म्हातारी पुन्हा काहीतरी म्हणाली. आयसातूने मला सांगितलं, "ती विचारतेय, जेवलीस का?"

मी सकाळपासून चहावर होते. "जेवले म्हणावं," मी म्हटलं. "पोटभर."

सेकूने ते तिला सांगितलं. मग फोन मांडीवर ठेवला आणि परात माझ्या बाजूला सारली.